बाबांनी लाटलेल्या पुरणपोळ्या

आज जगतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये पुरणात जायफळ किसलं आणि त्या वासाने मी याच शहरातल्या सोडाला भागातल्या लहानपणच्या घरी पोचले.

त्या पाडव्याला आईचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून बँकेत अधिकारी असलेले बाबा स्वतः पोळ्या लाटायला बसले. पहिल्या दोन फुटल्या, पुरण तव्यावर करपलं. तेवढ्यात शेजारचे राजस्थानी अंकल डोकावले.

"साहब, आप बेलन चला रहे हैं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र हसले. "बैठिए, गरम खाकर जाइए."

तिसरी पोळी टम्म फुगली. अंकलनी तुपासोबत चार खाल्ल्या. शेवटची पोळी बाबांनी माझ्याकडून लाटून घेतली.

आता सासरी कुणी विचारलं, "आईकडून शिकलीस का गं?" तर मी ठणकावून सांगते, "नाही, बाबांकडून!"