बोगद्यापलीकडचा रस्ता

फ्रान्समधल्या डोंगरातला एक रस्ता मी सायकलवर पार केला, असं आमच्या नात्यात सगळे सांगतात. लग्नकार्यात नव्या पाहुण्यांशी ओळख करून देतानाही सांगतात. तो रस्ता मी पार केलेला नाही. आजवर हे मी एका माणसाला सोडून कुणाजवळ बोललेलो नाही — आणि त्याच्याजवळही फार उशिरा बोललो.

पण थाप मारली, एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. थापा कोण मारत नाही? त्याच्या पुढचं आहे. जरा दमानं घ्या, येतो तिथे.

अण्णा माझा आतेभाऊ. माझ्याहून बराच मोठा. मला सायकल त्यानेच शिकवली. आमच्या शहरातल्या द्वारकेच्या चौकात, महामार्गाला लागून, त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. दिवसभर ट्रक, टेम्पो, हॉर्न. संध्याकाळी इंदिरानगरला घरी आला की नाक शिंकरायचा, रुमाल उलगडून वहिनींना दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघ, आज किती डिझेल आणलं घरी!"

रविवार मात्र आम्हा दोघांचा. उजाडताना सायकली काढायच्या, गिरणाऱ्याला मिसळ खायची, अंगात जोर असला तर पुढे हरसूलच्या बाजूला डोंगरात शिरायचं. अण्णाची एक खोड होती. मागून गाडी आली की तो सायकलवरून उतरायचा आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत कडेला उभा राहायचा. मी वैतागायचो. तो शांतपणे म्हणायचा, "जाऊ दे रे तिला, दिल्या. रस्ता परत आपला झाला की निघू."

तिकडे फ्रान्समध्ये जुन्या रेल्वेचे रूळ उखडून त्या जागी फक्त सायकलींसाठी रस्ते केलेत, हे त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. डोंगराळ भाग, पण चढ हलका — कारण पूर्वी तिथून आगगाडी जायची. आणि गाडी एकही नाही. "एकसुद्धा नाही?" असं तो स्वतःलाच विचारायचा आणि हसायचा.

नव्वदीच्या शेवटी माझ्या कंपनीने मला नवीन मशीन शिकायला दोन महिने फ्रान्सला पाठवलं. गाव होतं नेमकं तशा एका रस्त्याच्या तोंडाशी! अण्णाला काय आनंद झाला म्हणून सांगू — जणू तोच चालला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याने पाना घेऊन स्वतःच्या सायकलची घंटी काढली आणि माझ्या हातात दिली. "तिथे आडवं कुणी येणार नाही. तरी एकदा वाजव. माझ्या नावाने."

मी सायकल भाड्याने घेतली, घंटी बसवली, निघालो. रस्ता खरंच तसाच होता. दोन्ही बाजूंना झाडी, खाली नदी, गायी. अण्णा असता तर उतरायची वेळच आली नसती. मग बोगदा आला. आत दिवे असावेत, पण लागले नाहीत. वळणाचा बोगदा, पलीकडचं तोंड दिसत नव्हतं. थंडगार हवा अंगावर आली. मी घंटी वाजवली. तिचा आवाज आत गेला, आणि काही वेळाने दुसऱ्याच कुणीतरी वाजवल्यासारखा परत आला. मी सायकल वळवली.

पुन्हा जायचं ठरवत राहिलो. गेलो नाही. रविवारी खोलीवर खिचडी करायचो आणि झोपायचो.

परत आलो तर अण्णा स्टेशनवरच घ्यायला आलेला. पहिला प्रश्न — "घंटी वाजवलीस?" वाजवली, म्हणालो. ते खरं होतं. "आणि मग पुढे?"

पुढे काय सांगणार होतो? बोगदा पार केला, म्हणालो. आणि बोगद्यापलीकडे मला जे माहीत होतं तेच मी वसवलं. आमच्याच हरसूलच्या वाटा. ओढ्यावरचा मोडका पूल, वळणावरची विहीर. आणि तिकडच्या पाड्यावरची ती म्हातारी, जिने एकदा उन्हात माझ्या तळहातावर आधी गुळाचा खडा ठेवला, मग पाणी दिलं, आणि सायकलकडे बघत विचारलं की तुम्ही विकायला काय आणलंय? तिला मी पांढरी टोपी घातली, गुळाची साखर केली, प्रश्न तोच ठेवला आणि फ्रान्समध्ये नेऊन बसवली. गुळाच्या दिवशी अण्णा विहिरीमागे पंक्चर काढत बसला होता; म्हातारीचं बोलणं त्याच्या कानावर पडलं नसेल असं मी धरून चाललो.

तो डोळे मिटून ऐकायचा. पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. दुकानात गिऱ्हाईक बसवून त्यांनाही ऐकवायचा. मला वाईट वाटायचं का? खरं सांगू — मजा वाटायची.

आता येतो तिथे.

काही वर्षांनी अण्णाच्या जावयाची बदली फ्रान्सला झाली. लेकीने आईवडिलांना बोलावलं. अण्णाने पासपोर्ट काढला, व्यायाम सुरू केला, आणि एका संध्याकाळी माझ्याकडे पेढे घेऊन आला. "दिल्या, तुझ्या त्या रस्त्याने जाणार! विहीर बघणार, म्हातारी असली तर तिलाही भेटणार."

 तो तिथे जाणार, बोगद्यातून पलीकडे निघणार — आणि तिथे विहीर नसणार. फक्त एवढंच झालं असतं. तो हसला असता, चार दिवस मला छळलं असतं. एवढ्याला मी घाबरलो.

मी म्हणालो, "अण्णा, तुला सांगायचं राहिलं. तिकडच्या माणसाचा फोन आला होता. तो बोगदा ढासळलाय. रस्ता बंद केलाय त्यांनी."

त्याने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. मग म्हणाला, "मग जाऊन काय करू? तो लोखंडी मनोरा बघू? द्वारकेला काय लोखंड कमी आहे?" वहिनी एकट्या जाऊन आल्या. पुढे जावई परत आला. आणि महामार्गाचं काम चालू असताना, दुकान बंद करून निघालेल्या अण्णाला एका टेम्पोने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. सायकल कायमची सुटली.

तरी मी बोललो नाही. तो पलंगावर पडून म्हणायचा, "सांग रे तो रस्ता," आणि मी सांगायचो. विहिरीपाशी थांबायचो, पाणी प्यायचो. तो हसायचा. आणि मी घरी येऊन नीट जेवायचो — हे कसं जमत होतं मला?

मागच्या दिवाळीत भाऊबीजेनंतर आम्ही दोघं त्याच्या गॅलरीत बसलो होतो. मी परत आणून दिलेली ती घंटी त्याने आता काठीला लावली आहे. नातवंडांना बाजूला सारायला वाजवतो. तिच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, अण्णा, मी बोगद्यापलीकडे गेलोच नव्हतो. पुढचं सगळं रचलेलं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे गाढवा, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं! फ्रान्सची बाई विचारेल होय, विकायला काय आणलंय म्हणून? पंक्चर काढत होतो, बहिरा नव्हतो. आपलं हरसूलच तू असं सांगायचास — मला दोन्हीकडे फिरल्यासारखं व्हायचं. कशाला मोडायचं?"

मी पण हसलो. डोळे पुसले. सुटलो, असं वाटलं.

मग तो काठी मांडीवर घेत म्हणाला, "फक्त तो बोगदा ढासळायला नको होता बघ. पलीकडे खरं काय आहे, ते मी येऊन तुला सांगणार होतो."

सगळी थाप त्याने ओळखली होती. तेवढं एक त्याने खरं धरलं होतं. तिथे मी कशाला खोटं बोलेन, असं त्याला वाटलं असणार. आतून वहिनींनी चहा झाल्याची हाक मारली. उठून आत जाता आलं असतं. मी अर्धा उठलोही होतो.

परत बसलो. म्हणालो, "अण्णा, बोगदा ढासळला नव्हता. फोन कुणाचाही आला नव्हता. रस्ता उघडा होता. तू जाऊ नयेस म्हणून मी तसं बोललो. माझं चुकलं, अण्णा. मला माफ कर."