जिनामावशी

जिनामावशींनी निम्म्या संगमनेर तालुक्याचा हात धरलेला आहे, आणि हे मी मुळीच वाढवून सांगत नाही. आमच्या मॉलमध्ये गावातला पहिला सरकता जिना बसला, तेव्हा माणसं तो बघायला लांबून यायची आणि पायथ्याशी येऊन गपकन थांबायची. मग मॅनेजरनं झाडलोट करणाऱ्या मावशींनाच तिथं उभं केलं. येणाऱ्याचा हात धरायचा, पायरीवर चढवायचं, वर नीट उतरवायचं. मी पायथ्याशेजारच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस फाडत असायची, त्यामुळे त्यांचं बोलणं मला तोंडपाठ झालं होतं. "खाली नका बघू. माझ्याकडं बघा. टाका डावा पाय. झालं की वो!"

शेजारच्या अकोले तालुक्यातल्या बायका तर जिन्यापाशी आल्या की आधी चपला काढायच्या. लख्ख पायरी, ती पण आपोआप चालणारी. तिच्यावर चपलेनं कसं जायचं? अनवाणी वर पोचल्या की मग आठवायचं, चपला खालीच! वरून हाका सुरू व्हायच्या आणि आम्ही काउंटरवरच्या पोरी खिदळत बसायचो. मावशी मात्र एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पुढची बाई, अशा वर जायच्या.

"सांगून टाका ना त्यांना, चपला काढू नका म्हणून," मी एकदा वैतागून म्हटलं.

"सांगते की, ऐकत न्हाईत. आन् त्यात काय चुकलं गं? मीबी काढतेच की."

खरंच होतं ते. सकाळी जिना सुरू व्हायच्या आधी त्या चपला बाजूला ठेवायच्या, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावायच्या. "ह्याच्यावर माझी चूल पेटती," म्हणायच्या, आणि मग पदर खोचून उभ्या राहायच्या.

एकदा एक फेटेवाले पाटील आले. चारचौघांत परक्या बाईचा हात धरायचा म्हणजे काय! तीनदा पाय पुढे केला, तीनदा मागे घेतला. मागे रांग लागली. मावशी म्हणाल्या, "हात हाय पाटील, इंगळ न्हाई भाजायला. धरा!" पाटलांनी डोळे मिटले आणि धरला. पुढे दर बाजाराच्या दिवशी ते यायचे, काहीही न घेता दोनदा वर-खाली करायचे आणि जायचे. हात मात्र धरायचेच, एकट्यानं चढायला जमू लागलं तरी.

मग मॉलचे दिवस फिरले. छत गळायला लागलं, एकेक दुकान शटर ओढून गेलं, जिना चालू कमी आणि बंद जास्त. बंद जिन्यापाशीही मावशी उभ्याच. "बंद जिन्यावर मानूस जास्त ठेचकाळतं," असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खरं निघायचं. शेवटी सगळ्यांना जागा खाली करायला सांगितलं. जुनं पाडून तिथंच नवा, मोठा मॉल होणार होता. निघताना नव्या मालकाचे साहेब मावशींना म्हणाले, "मावशी, नवा जिना बसला की पहिला फोन तुम्हाला." गाडीत बसता बसता म्हणाले ते. मी शेजारीच होते. माणूस जाता जाता काय वाट्टेल ते बोलतं हो, पण मावशींनी ते पदराला बांधलं.

चार वर्षं त्या जागेभोवती पत्रे होते. मी समोरच्या गल्लीत छोटं दुकान टाकलं आणि मावशी रोज माझ्या स्टुलावर येऊन बसायच्या, पत्र्यांकडे तोंड करून. मुलगी नाशिकला बोलवत होती. गुडघे गेलेले, घरी एकट्या; पण जायला तयार नाहीत. "तकडं गेले आन् हितं फोन आला, म्हंजे?" कमरेच्या पिशवीतून बटणांचा मोबाईल काढायच्या. "एक मिस्कॉल दे बरं, वाजतोय का बघू." मी द्यायची. वाजला की तोंडभर हसायच्या. तेव्हाच त्यांना खरं सांगायला हवं होतं. माझी जीभच रेटली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

फोन आला नाहीच. मॉल उघडला, तेव्हा मीच म्हटलं, चला, बघून तरी येऊ. मावशी जुन्या मॉलच्या युनिफॉर्मची आकाशी साडी नेसून आल्या. जिन्यापाशी कुणीच नव्हतं. पोरी मोबाईलमध्ये बघत बघत चढत होत्या, नऊवारीतली एक आजी दोन पिशव्या घेऊन सरळ वर गेली. मावशींनी हात थोडा पुढे केला होता, सवयीनं. तो कुणी धरला नाही.

"सगळ्यांना येतंय गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच तर शिकवलंत."

"व्हय. लई शिकिवलं."

मग त्यांनी चपला काढल्या, वाकून पायरीला हात लावला. नवा जिना पळत होता. त्यांचा पाय पुढे गेला आणि मागे आला. पुन्हा तसंच. "आजी, बाजूला व्हा ना," मागून कुणीतरी म्हणालं. मी त्यांचा हात घट्ट धरला. "खाली नका बघू. माझ्याकडं बघा. टाका डावा पाय." त्या माझ्याकडे बघतच वर आल्या.

वर आल्यावर आठवलं. चपला! मी धावत खाली गेले. सिक्युरिटीवाला म्हणाला, "बेवारस होत्या, डब्यात टाकल्या." त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. डब्यात हात घालून काढल्या, आइस्क्रीमनं बरबटलेल्या, पदराला पुसल्या आणि हातात धरून वर नेल्या. मावशी कठड्यापाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"असू दे. त्याला काय म्हाईत," एवढंच म्हणाल्या आणि साध्या जिन्यानं उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून.

त्याच आठवड्यात त्या मुलीकडे नाशिकला गेल्या आणि वर्षाच्या आत तिथंच वारल्या. नाशिकला जायच्या आधी माझ्या दुकानात आल्या होत्या. स्टुलावर बसल्या नाहीत. पिशवीतून मोबाईल काढून माझ्या पुढ्यात धरला. मला वाटलं, मिस्कॉल द्यायचा. मी माझा फोन उचललाही.

"तसं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "ह्यो बंद कसा करायचा, त्येवढं दाव. मला म्हाईतच न्हाई."