नऊशे आठ जण

रास्ता पेठेतल्या त्या दुकानात कृत्रिम डोळे बनत. दादामियाँ रंग भरायचे आणि त्यांची मुलगी उम्मेहानी गिऱ्हाइकांची नोंद ठेवायची. डोळा डावा की उजवा, बुबुळाचा रंग कोणता, पांढऱ्यात लाल शिरा किती. शहाण्णव साली क्लास लावून तिने डॉसवर तो प्रोग्राम स्वतःच लिहिला होता. दादामियाँ गेले, कारागीर बदलले, प्रोग्राम तोच राहिला. डोळा पाच वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर आत टोचतो. कोणाची पाच वर्षं भरली, ते तोच सांगे.

कोणी वारल्याचं कळलं की उम्मेहानी नोंद पुसायची. पुसायची म्हणजे नावापुढे चांदणी उमटे आणि नाव पडद्यावर येणं बंद होई. मुळापासून पुसायचा हुकूम वेगळा होता. नव्याण्णव साली तो चालू असताना वीज गेली आणि दोनशे जिवंत माणसं फाइलीतून नाहीशी झाली. त्यानंतर तिने तो हुकूम कधी दिलाच नाही.

यंदा संगणक घरघरू लागला. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी सलोनी रविवारी सगळं लिनक्सवर न्यायला आली. तिच्या वडिलांचा डोळा इथलाच.

“आपा, हा संगणक माझ्यापेक्षा थोरला. याला अहोजाहो करू का?”

“कर. ऐकलं तर बरंच.”

दुपारपर्यंत नावं नव्या यंत्रात उतरली. जुनं यंत्र एकदा खरखरलं आणि कायमचं थांबलं. “सुटलं बिचारं,” सलोनी म्हणाली. मग तपासून पाहावं म्हणून तिने पाच वर्षं उलटलेल्या काही जणांना निरोप पाठवले.

दहा मिनिटांत सदाशिव पेठेतून मंदाकिनीबाईंचा फोन आला.

“आमच्या ह्यांना डोळा बदलायला बोलावलंय तुम्ही. चार वर्षांपूर्वी गेले ते. येतील असं वाटत नाही.”

उम्मेहानीने माफी मागितली. फोन ठेवला गेला नाही.

“त्यांच्या डोळ्याचा रंग लिहिलाय का हो तिथे? मला नीट आठवेना.”

“काळसर तपकिरी. कडेने राखाडी वलय.”

“राखाडी,” बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

सलोनी पडद्याकडे बघत होती. “आपा, रोज किती नावं दिसायची?”

“तीन हजार एकशे बारा.”

“इथे चार हजार वीस आहेत.”

नऊशे आठ. उम्मेहानीला मोजावं लागलं नाही. “चांदण्या?”

“उतरल्याच नाहीत. मी नुसता मजकूर काढून घेतला, अख्खी फाइल उचलायला हवी होती. चूक माझी.” सलोनीने निरोप थांबवले. “याच्या लेखी आता सगळे हयात आहेत. कोण आहे, कोण नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक.”

उम्मेहानी खुर्ची ओढून बसली. पहिली नोंद दादामियाँची. त्यांनाही एकच डोळा होता. तिने खूण केली आणि पुढे गेली. पुढची माणसं आवाजांवरून आठवत गेली. कोणाची सून रडली होती, कोणाचा मुलगा “नाव काढून टाका” एवढंच बोलला होता. नावं पुन्हा एकेक करून जात होती, आणि खोली मात्र भरत चालल्यासारखी वाटत होती.

तीनशेच्या पुढे ती अडली. कल्याणी. सन दोन हजार चार, वय सहा, डावा डोळा, मधाचा रंग, शिरा दोन. पुढे काहीच नाही. तो रंग कालवलेला तिला लख्ख आठवत होता, मुलगी आठवत नव्हती. त्या सुमारास कुठल्याशा लहान मुलीबद्दल फोन आला होता. हिच्याबद्दल? खूण केली तर जिवंत पोरीला कधीच बोलावणं जाणार नाही. नाही केली तर...

“विचारून घ्या ना फोनवर,” सलोनी म्हणाली.

“काय विचारू? तुमची मुलगी आहे का?”

तरी तिने नंबर फिरवला. पुरुषाचा आवाज आला.

“डोळ्यांच्या दुकानातून बोलतेय. कल्याणी...”



“थांबा,” तो म्हणाला.

पावलं आत गेली. उम्मेहानी कान लावून बसली. किती तरी वेळाने पावलं परत येऊ लागली. एकाची की दोघांची, तिला ओळखता येईना.