काळी फडकी

मीठबाईंना हळू बोलता यायचं नाही. ऑपरेशन थिएटरचं दार बंद असलं तरी बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं, “पांढरं फडकं नको मला. पांढऱ्यावर पांढरं लपतं.” महापालिकेच्या रुग्णालयातल्या त्या सर्जन. पोट उघडलं की भरपूर मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी मागायच्या, म्हणून आयांनी त्यांना हे नाव दिलं. रुग्णालयाकडे काळी फडकी नव्हती. बाई घरी बादलीत रंगवून आणायच्या आणि निर्जंतुक करायला देताना पुन्हा भांडायच्या.

माझी आई त्यांच्याकडे पोचली ती दुसऱ्याने वाट लावल्यावर. आम्ही विक्रोळीचे. आईच्या यकृतात मोसंबीएवढी गाठ निघाली. घाटकोपरच्या एका नर्सिंग होममधल्या डॉक्टरने, पूच असणार म्हणून, काही न तपासता सुई घातली. तो पू नव्हता. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसात गेली की असा पाण्याचा फुगा धरतो. तो आत फुटला. आईच्या अंगावर गांधी उठल्या, रक्तदाब कोसळला. बाईंनी कागद पाहिले आणि आमच्यासमोरच त्या डॉक्टरला फोन लावला. “फुग्याला सुई लावलीत. आत सांडलेलं वेचायला तुम्ही येताय का?”

आई शुद्धीवर आली तेव्हा तिने मालवणीत विचारलं, “बाई, मी वाचतलंय मां?”

“वाचाल. पण गोळ्या चुकवल्यात तर माझ्याशी गाठ आहे.”

गोळ्यांनंतर ऑपरेशन झालं. काढलेलं नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवायची पद्धत असते. बाईंनी मला काळं फडकंच दाखवलं. त्यावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे चमकत होते. “बघून ठेव,” त्या म्हणाल्या. “यातला एक जरी आत राहिला असेल, तर पुन्हा फुगा.”

पुढच्या रविवारी त्या आमच्या गल्लीत आल्या. मटणाच्या दुकानामागे आतडी आणि तसेच फुगे धरलेली कलेजी यांचा ढीग, त्यावर कुत्री. ती कुत्री हे खातात, त्यांच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात, तिथून भाजीवर, हातावर. दुकानदार म्हणाला, तुम्हाला मटणाचंच वावडं दिसतंय. बाई म्हणाल्या, “अरे, मी दर रविवारी खाते. कलेजीसकट. कचरा उचल.”

दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन वॉर्ड ऑफिसात. तिथल्या साहेबांनी ढीग उचलला नाही, वर पांढरी पावडर मारली आणि काम झाल्याचं कळवलं. मी पत्रकं छापली, चाळीचाळीत वाटली. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि त्याच गल्लीतून भाजी आणायचे.

बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मोठे साहेब आले होते. बाईंनी त्यांच्या हातातला गुच्छ घेतला नाही. “निरोप मला कशाला देता? विक्रोळीच्या त्या ढिगाला द्या.”

त्यानंतर आईच्या सोनोग्राफीत नवे फुगे दिसले. एक-दोन नाहीत, पोटभर. सुईने सांडलेलं उगवलं होतं. बाईंच्या विद्यार्थ्याने ऑपरेशन केलं. बाई मुलुंडच्या घरून आल्या, पिशवीत काळी फडकी घेऊन, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बाहेर बाकावर. कान दाराकडे. आतून आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. हातातलं फडकं जवळजवळ पांढरं झालं होतं. माझ्या शेजारी बसल्या आणि मला कान पुढे करावा लागला इतकं हळू म्हणाल्या, “खूप होते गं.”

आई गेली. मुलुंडला बाईंकडे मी अजून जाते. चहा देतात, हळू बोलतात. सुई घालणाऱ्याचं नर्सिंग होम चालू आहे, वॉर्डातल्या साहेबाला बढती मिळाली आहे. आईचा हिशेब मी मागतेच आहे, पण बाईंच्या गेलेल्या आवाजाचाही मागणार आहे. ढीग अजून तिथेच आहे. आज सकाळी त्यावर ताजी पावडर मारून गेलेत. पांढरीशुभ्र.