सिस्टरचं ठिबक

निवृत्त होऊन चार वर्षं उलटली, तरी इमारतीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चौतीस वर्षं एकाच रुग्णालयात काढली, त्यातली निम्मी पुरुषांच्या वॉर्डात, आणि तिथं अंगाला लागलेली एक सवय काही केल्या सुटली नाही. सिस्टर खुर्चीत पूर्ण बसत नसत. कडेला टेकायच्या, एक पाय पुढे, हाक आली की पटकन उठता यावं म्हणून. हाक आता कोण मारणार होतं? पण घरी एकट्या चहा पितानासुद्धा त्या तशाच टेकलेल्या असत आणि अर्धा कप झाला की काहीतरी आठवून उठत. उरलेला चहा बेसिनमध्ये जाई.

उठून जायच्या ते बहुतेक गच्चीवर. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे गच्चीचं दार त्यांच्याच स्वयंपाकघरातून उघडे. तिथं एक्केचाळीस कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीला चिकटपट्टी लावून नंबर घातलेला आणि वहीत प्रत्येक नंबरचा तक्ता: सकाळी किती पाणी घातलं, खालच्या ताटलीत किती निघालं, पानांचा रंग, शेरा. वॉर्डात पेशंटचा ठेवतात तस्सा. सतरा नंबरच्या जास्वंदीपुढे एकदा ‘नातेवाइकांना कल्पना द्यावी’ असं लिहिलं होतं, पण ती जगली.

मातीच्या बाबतीत तर विचारूच नका. नुसती माती कुंडीत भरणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. माती चाळायची, त्यात शेणखत, गांडूळखत, नारळाच्या काथ्याचा भुसा, मूठभर निंबोळी पेंड, आणि पाणी साचू नये म्हणून वाळू. पहिल्या वर्षी त्यांनी भुसा जास्त घातला होता. तो एकदा कोरडा पडला, माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली आणि वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली ताटलीत आलं. झाड तहानलेलं आणि ताटली भरलेली! त्या दिवसापासून प्रमाण वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. इमारत त्यांना टिकटिकभाऊ म्हणे. माणूस लाख मोलाचा, पण दोन वर्षांपूर्वी सिस्टर तीन दिवस लेकीकडे गेल्या तेव्हा कुंड्या त्यांच्या हवाली केल्या आणि भाऊंनी प्रेमानं रोज बादलीभर पाणी घालून कोरफड कुजवली. कोरफड! मारायची म्हटलं तरी जी मरत नाही ती. सिस्टरांनी त्यांना काही बोलून दाखवलं नाही. फक्त गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या.

आणि अशात लेकीचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यावरून पडली होती. घोट्याचं हाड मोडलं, सूज उतरली की प्लेट बसवणार, मग दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. जावई जहाजावर, तीन महिने तरी येत नाही.

“आई, पंधरा दिवस येशील?” लेक म्हणाली. मग थोडं थांबून, “पूर्ण पंधरा.”

त्या ‘पूर्ण’ शब्दानं सिस्टर जराशा चपापल्या. लेकीकडे त्या तीन दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. आधी ड्यूटी होती, नंतर कुंड्या होत्या. लेकीनं कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं सिस्टरांनी धरून चालवलं होतं.

“येते की,” त्या म्हणाल्या.

निघायला सहा दिवस होते. सिस्टरांनी ठिबक बसवायला घेतलं. टाकीच्या नळाला टायमर, टायमरला काळी नळी, नळीला फांद्यांसारख्या बारीक नळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला लाल टोपीचा ड्रिपर. टोपी फिरवली की थेंब कमीजास्त होतात. हे कळल्यावर बाईंना काय हुरूप आला! मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी कुंडीकुंडीजवळ उकिडवं बसून थेंब मोजले. पुदिन्याला मिनिटाला साठ. कोरफडीच्या नव्या रोपाला आठ. टोमॅटोला इतकं पाणी लागे की थेंब मोजता येईनात, तिथं औषधाचं मापाचं भांडं लावून हिशेब केला.

टिकटिकभाऊ टायमर लावून द्यायला वर आले होते. एवढी सूट त्यांना मिळाली होती. “सिस्टर, ब्लड ग्रुप विचारलात का सगळ्यांना?” ते म्हणाले.

“तुम्ही तुमचं काम करा.”

“हे बघा, काम झालं. सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. एकच लक्षात ठेवा, हा वरचा नळ कायम चालू राहू द्यायचा. उघडझाप टायमर करतो. नळच बंद केलात तर टायमर बिचारा नुसताच टिकटिक करणार, माझ्यासारखा.”

“कळलं मला. मी काय लहान आहे?”

पण कळणं डोक्याचं असतं आणि हाताला स्वतःचं वेगळं शहाणपण असतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सिस्टर एका म्हाताऱ्याचं सलाईन चालू ठेवून अर्धा तास दुसरीकडे गेल्या होत्या. त्यांनी लावलेलं, नळीवरचं थेंब आवरणारं चाक सैल पडलं आणि अख्खी बाटली धो धो आत गेली. म्हाताऱ्याला धाप लागली, धावपळ झाली, माणूस वाचला. त्या मात्र दुधानं तोंड पोळल्यासारख्या झाल्या. त्या दिवसापासून नियम एकच: दुसरी नर्स येऊन पेशंट ताब्यात घेईपर्यंत चालतं सलाईन सोडायचं नाही. सोडायचीच वेळ आली तर आधी चाक बंद. पुढची बत्तीस वर्षं त्यांचा अंगठा ते चाक बंद करत आला होता, आणि डोक्याला विचारायची त्याला गरज उरली नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा राउंड घेतला. एक्केचाळीस कुंड्या, एक्केचाळीस टोप्या. मग दाराला कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि सात तासांच्या बसला बसल्या.

लेकीचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं, पाय उशांवर चढवून पलंगावर निजवलं. आता सिस्टरांच्या हाताला काम किती? औषधं तीन वेळा, बेडपॅन, अंग पुसणं, स्वयंपाक. सगळं उरकून सकाळचे अकरासुद्धा वाजत नसत. मग त्या लेकीजवळ खुर्चीच्या कडेला टेकत, एक पाय पुढे. दोन मिनिटं. की उठून खिडकी उघडत, की परत येऊन उशी सारखी करत, की जाऊन गॅस बघत.

“आई, बस ना जरा.”

“बसलेच आहे की.”

“ही बसल्याची तऱ्हा? तुझी बस सुटत असल्यासारखी बसतेस.”

बॅगसुद्धा दाराशीच होती. सिस्टर रोज त्यातून धुतलेले कपडे काढत, आणि वाळलेले घडी घालून पुन्हा त्यातच ठेवत. लेक पलंगावरून ती बॅग बघत असे.

पायाला भिंगरी म्हणतात तसं झालं होतं त्यांना. बाहेर ऊन रणरणत होतं आणि इथं ऊन म्हणजे तिथंही ऊन. टायमरची बॅटरी उतरली असेल का? पुदिना तर दोन दिवसांत माना टाकतो. रोज त्या पर्समधल्या दोन किल्ल्या चाचपत. टिकटिकभाऊंना तीनदा फोन करून झाला. ते बिचारे म्हणत, “अहो, मी बंद दारातून काय बघू? कान लावला तर काही ऐकू येत नाही.”

सहाव्या दिवशी दुपारी सिस्टर लेकीच्या स्वयंपाकघरात पाण्याची बाटली भरत होत्या. बाटली भरली, नळ बंद झाला, त्या वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या. नळ बंद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर तो बंद होता. त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि त्या सकाळचा राउंड आठवला: शेवटची कुंडी, मग टाकी, मग टाकीपाशी क्षणभर थांबणं, आणि मग दार. टाकीपाशी त्या कशाला थांबल्या होत्या?

त्या अंगठ्यानं टाकीचा नळ बंद केला होता. सहा दिवस. एक थेंब नाही.

त्या बाहेर आल्या त्या बोलतच. “ऐक, मला जाऊन यायला हवं. चारची बस मिळेल. उद्याचा दिवस तिथं, परवा संध्याकाळपर्यंत परत. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगते, त्या दोन दिवस येऊन बसतील तुझ्याजवळ. माणूस चांगलं आहे. मी सगळं लिहून ठेवते, कुठली गोळी कधी.” बोलता बोलता बॅगची चेनसुद्धा लावली.

लेकीनं शांतपणे ऐकून घेतलं. “काय झालं?”

“नळ बंद करून आले गं मी! सगळं वाळून चाललं असेल.”

“मग टिकटिककाकांना सांग, उघडतील.”

“कुलूप आहे. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.”

“तोडतील की. घड्याळं उघडणारा माणूस आहे, कुलूप काय अवघड? पाच मिनिटांचं काम.”

सात तास जाणं, सात तास येणं, आणि हे पाच मिनिटांचं काम सिस्टरांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. नळाचं आठवलं तेव्हा त्या घाबरल्या होत्या, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ काय आलं होतं? हायसं. निघायला कारण मिळालं म्हणून हायसं वाटलं होतं. लाजेनं त्यांचे कान तापले.

लेक छताकडे बघत बोलू लागली. आवाज चढलेला नव्हता. “मला टायफॉईड झाला होता तेव्हा मी तुझ्याच हॉस्पिटलमध्ये होते. आठवतं? नऊ वर्षांची होते. तू शेजारच्या वॉर्डात ड्यूटीवर. दर दोन तासांनी यायचीस. सलाईनचे थेंब मोजायचीस, चाक फिरवायचीस आणि जायचीस. मी डोळे मिटून पडायचे, म्हटलं झोपले असं वाटलं तर बसेल. एकदाही बसली नाहीस.”

“ड्यूटी होती, बाळा.”

“माहितीये. मी तेव्हाही रागावले नव्हते. आताही नाही. तुला जायचं तर जा. फक्त झाडांचं निमित्त सांगू नकोस.”

सिस्टर उभ्याच होत्या. हातात बॅगचा बंद. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. तिथं एकदा खुर्चीत बसले असते तर परत उठणं जमलं नसतं, शेजारी तीस पेशंट होते; थेंब मोजताना निदान भीती तरी आवरायची. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि फोन उचलला.

“भाऊ, माझ्या घराची किल्ली तुमच्याच घरी, वहिनींकडे आहे. आत जा आणि गच्चीचं कुलूप तोडा.”

“सिस्टर, तुम्हीच बोलताय ना?”

हातोडीचे चार ठोके फोनमधून ऐकू आले. मग भाऊंचा श्वास, चपलांचा आवाज. “नळ बंद आहे. टायमर चालूय बिचारा. झाडं... काय सांगू. पुदिना गेला. टोमॅटो आडवे झालेत. बाकी मलूल आहेत, पण देठ हिरवे दिसताहेत. आणतो बादली?”

“नाही!” सिस्टर ओरडल्या, मग आवाज खाली आणला. “बादली नको, भाऊ. इतके दिवस कोरडी पडलेली माती एकदम पाणी घेत नाही. ओतलंत तर सगळं कडेनं निघून जाईल, आत काही पोचणार नाही. नळ उघडा आणि थेंब पडू द्या. हळूहळूच मुरतं.”

पलंगावर लेकीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“उघडला. पडायला लागले,” भाऊ म्हणाले. “आता इथं बसू का लक्ष ठेवून? थेंब मोजून सांगू?”

सिस्टरांचा अंगठा आपोआप हलला. त्यांनी तो मुठीत धरला. “नको. तसंच चालू राहू द्या. दार लोटून घ्या आणि खाली जा.”

“कोणीच नको बसायला?”

“कोणीच नको.”

फोन ठेवला. सिस्टरांनी बॅग उचलून पलंगाशी आणली, चेन उघडली, आणि एकेक कपडा काढून पलंगाच्या कडेवर रचू लागल्या. साड्या दोन, गाऊन तीन, स्वेटर कशाला आणला होता देव जाणे.

“काय करतेस?” लेकीनं विचारलं.

“कपडे लावते कपाटात. जागा आहे का कुठं?”

लेकीनं डोळे पुसायला चादरीचं टोक घेतलं.

“खालचा कप्पा रिकामा आहे,” ती म्हणाली. “घर घेतलं तेव्हापासून तुझ्यासाठी ठेवलाय.”

घर घेऊन नऊ वर्षं झाली होती. सिस्टरांनी खाली बसून कप्पा ओढला. आत वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, कोरं करकरीत, याच महिन्याचं. त्यांनी कपडे लावले, कप्पा सारला आणि येऊन लेकीच्या उशाशी खुर्चीत टेकल्या. मग मागे सरकल्या, पाठ टेकेपर्यंत, आणि दोन्ही पाय वर घेतले.