बकुळबाईंचं कुंपण

बकुळबाईंना कुणी शहाणपण शिकवायला गेलं की त्या आधी पदर खोचत, सगळं ऐकून घेत आणि नेमकं उलटं करत. बकुळबाई हे नाव दिग्रसमधल्या आमच्या गल्लीनं त्यांना चिडवायला ठेवलं होतं. त्यांनी ते मिरवलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढून, शिकून त्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या होत्या आणि दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. मी शेजारच्या घरात नुकतीच सून म्हणून आले होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट.

उन्हाळ्यात त्यांची आई तांड्यावरून राहायला यायची. आरसे लावलेला घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती अंगणात टाके घालत बसली की गल्लीला जणू काही कामच उरत नसे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सासूबाई सर्वांत पुढे, आणि त्यांच्या खांद्यावरून मी. खोटं कशाला बोलू? शेवटी ती म्हातारी सुईदोरा गोळा करून तापलेल्या टिनाखालच्या खोलीत निघून जायची. बाईंच्या जबड्याची हाडं हलताना मला खिडकीतून दिसत.

त्या पावसाळ्यात त्यांनी अंगणाच्या कडेनं बकुळीची रोपं ओळीत लावली. हात-हातभर अंतरावर. गल्ली हसली. सासूबाई म्हणाल्या, "बाई, बकुळ देवळापाशी लावतात. कुंपणाले मेंदी लावा, दोन वर्षांत होते. हे वाढाले तुमचा जन्म जाईन."

"जाऊ द्या ना काकू, माह्याच जन्म हाय," बाई म्हणाल्या. "मले उन्हाळ्यात उघडं पडणारं झाड नको."

आणि खरंच, वैशाखात सगळा मुलूख बोडका व्हायचा तेव्हाही त्यांची ओळ हिरवीगार असे. विहिरीचं पाणी त्या स्वतः शेंदत. रोपं कमरेला आली तशी त्यांनी शेंडे खुडायला सुरुवात केली. मला हळहळ वाटली. त्या म्हणाल्या, "वहिनी, शेंडा मोडल्याशिवाय झाड आडवं भरत नाही. रडता कायले?" माझ्या सासरचे दिवस बघता ते मला फारसं पटलं नाही.

सहा-सात वर्षांनी कुंपण डोक्यावर गेलं. आमच्या खिडकीतून आता नुसती पानं दिसत, आणि फुलं आली की त्यांचा वास येई. त्या उन्हाळ्यात आई आली आणि तिसऱ्या दिवशी तिनं बोचकं बांधलं. मी विरजण द्यायला गेले होते. मायलेकी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणते आजी?" मी विचारलं.

"म्हणते, एवढी भिंत घातली, माही लाज वाटते का तुले?"

बाईंनी पदर खोचला, आतून कुऱ्हाड आणली आणि आमच्या खिडकीसमोरची मधली दोन झाडं तोडली. एवढ्या वर्षांचं शेंदलेलं पाणी! त्या फटीत त्यांनी बाज ओढली, आईला बसवलं आणि ओरडल्या, "काकू! हे माही माय. पाहाचं असन तर इकडून या. च्या घ्या अन् पोटभर पाहा!"

खिडकीत सासूबाई होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, घरात ये."

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आईचं बोचकं सोडत होत्या. म्हातारी मात्र बघत होती, आणि तिनं जरा सरकून बाजेवर जागा केली. मी बसले.

"सूनबाई!"

"च्या पिऊन येतो, आई," मी खिडकीकडे बघून म्हणाले. सासरी आल्यापासून त्या घराला मी दिलेलं ते पहिलं उत्तर.