काडी काढा, मंग बोला

उजवा तळहात पुढे, बोटं जराशी वाकवलेली, जणू प्रसाद घ्यायला उभे आहेत. आणि तोंडात एकच वाक्य : "काडी काढा, मंग बोला."

समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असो, कापूस घेऊन आलेला शेतकरी असो, नाहीतर फौजदार असो. खामगावातल्या आमच्या जिनिंगच्या गेटवर हा माणूस वीसेक वर्षं असा हात पसरून उभा राहिला. त्या हातात काडीपेटी, लाइटर, जे असेल ते ठेवल्याशिवाय कोणाचं पाऊल आत पडत नसे. सगळे त्यांना मामा म्हणत. राहायला पिंपळगाव राजाला, रोज पहिल्या गाडीनं येत.

जिनिंग आतून न पाहिलेल्यांसाठी सांगते. आत घराएवढ्या उंच कापसाच्या गंज्या असतात. सरकी काढलेली रुई दिवसभर हवेत तरंगते, केसांत, पापण्यांवर बसते. तिथे एक ठिणगी पडली तर बादल्या शोधायलाही वेळ मिळत नाही. मामांचा हात कळायला एवढं पुरे.

मी काट्यावर. गाड्यांचं वजन घ्यायचं, चिठ्ठ्या फाडायच्या आणि शेठचा पत्रव्यवहार टाइप करायचा, हे माझं काम. पहिल्याच दिवशी मामांनी माझ्यापुढे हात केला.

"मामा, मी काय बिडी ओढणार आहे?"

"वढा नाईतं नका वढू. पर्समंदी पाहा."

पाहिलं, तर होती की! सकाळी देवापुढे दिवा लावून घाईत पर्समध्ये टाकलेली. मामांनी पेटीला चिकटपट्टी लावली, बॉलपेननं वर माझं नाव लिहिलं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी बरोबर तीच परत. नाव लिहिल्याशिवाय त्यांनी कोणाची पेटी कधी ठेवली नाही. "जप्ती नाई मॅडम, जमा हाये. दुसऱ्याची वस्तू हाये ते."

एक ड्रायव्हर एकदा भांडायला आला, म्हणे पेटीत अकरा काड्या होत्या, नऊच उरल्या. दुसऱ्या दिवसापासून मामा त्याच्यासमोर काड्या मोजून घ्यायला लागले, एकेक करून, मागे गाड्यांची रांग. चौथ्या दिवशी रांगेतल्या लोकांनीच त्या ड्रायव्हरला पेटी घरी ठेवून यायला सांगितलं. जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

मामा पेपर आतल्या पानापासून वाचायचे. जिल्ह्याच्या बातम्यांत त्यांना रस नव्हता. "इथलं तं मले गेटवरच कयते," म्हणायचे. परदेशी बातम्या मात्र बोट ठेवून वाचायचे. एका दुपारी गाड्या कमी होत्या, तेव्हा ते एक कात्रण घेऊन काट्यावर आले.

"मॅडम, हे वाचा. हे तं आपलं जिनिंग हाये!"

लेख अण्वस्त्रमुक्त क्षेत्रांवर होता. एका भागातले देश एकत्र बसून लेखी करार करतात, की आमच्या हद्दीत अणुबॉम्ब कोणी बनवणार नाही, ठेवणार नाही, बाहेरच्यालाही ठेवू देणार नाही. लॅटिन अमेरिकेनं केलं, दक्षिण पॅसिफिकनं केलं, मग आग्नेय आशिया, आफ्रिका, मध्य आशिया.

"लोक गेट लावून राह्यले, मॅडम."

"लावू द्या. तुमच्या गेटवर ट्रॉली उभी आहे."

त्या आठवड्यात त्यांनी जगाचा नकाशा आणून केबिनच्या भिंतीवर लावला. जो भाग करारात आला, त्यावर खळीनं रुई चिकटवली. दक्षिण ध्रुवावरही चिकटवली. महिनाभरात नकाशाचा खालचा अर्धा भाग पांढरा, फुगलेला, रजईसारखा दिसायला लागला. वर, मध्य आशियाच्याही पलीकडे, एक गोळा वेगळा होता.

"हा कोण?"

"मंगोलिया. एकटाच. दोन मोठ्याईच्या मधात बसेल हाये, तरी म्हने आमच्या घरात नको. मले आवडला."

आमच्या रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवरची पोरं चिडवायची. "काऊन मामा, आपल्या देशावर रुई नाई लावली? आपुन बॉम्ब टाकून द्याचा का मंग?"

"म्या काऊन सांगू बे? म्या गेटवरचा मानूस. गेटवरच्यानं हात पुढं कराचा." मग थोडं थांबून, "आन् कोन्या एकाच्यानं नाई होत ते. शेजारच्यानंही काढाले पाह्यजे."

शेजारच्यानंही. मामांचं खरं दुखणं हेच होतं.

आमचं जिनिंग आधी एकच होतं. शेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले, तेव्हा मधून भिंत घातली गेली. इकडे मोठे शेठ, तिकडे धाकटे शेठ, आणि बोलणं बंद. धाकट्या शेठच्या गेटवर रहीमचाचा होते. माणूस सज्जन, पण त्यांना काडी जमा करून घ्यायचा हुकूमच नव्हता. त्या वर्षी हंगामात भिंतीपलीकडची एक गंजी पेटली. कशानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. अलीकडे आम्ही बादल्या घेऊन भिंतीशी उभे होतो. भिंत इतकी तापली होती की हात लावता येईना. माणसं वाचली, आमचा कापूस वाचला, वारा उलटा होता म्हणून. मामा त्या रात्री गावी गेले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "मॅडम, म्या वीस वर्सं अर्ध्याच जिनिंगची राखन केली."

धाकट्या भावाला तिकडेही बंदी घालायला सांगा, असं मामांनी शेठना दोनदा सुचवलं. शेठ म्हणाले, "त्यानं आधी करावी." धाकट्या शेठचं उत्तर चाचांकडून आलं. तेही तेच : आधी त्यानं स्वतः पाळावी.

मग मामांनी दुसरं कात्रण आणलं. लॅटिन अमेरिकेचा करार लागू व्हायला म्हणे अटी होत्या. सगळ्यांनी सही करावी, बाहेरच्या मोठ्यांनीही करावी, मग लागू. असं कधी होणार? म्हणून करारातच एक वाट ठेवली होती. ज्याला हवं त्यानं आपल्यापुरती अट सोडायची. बाकीच्यांचं काहीही होवो, माझ्याकडे आजपासून लागू. ब्राझील आणि अर्जेंटिना कितीतरी वर्षं एकमेकांकडे बघत बसले होते. शेवटी दोघंही आत आले.

"असा कागद टाइप करा," मामा म्हणाले. "आमी अट सोडली म्हनून."

"पण आपल्याकडे बंदी आहेच की. नवीन काय लिहू?"

"मालकासहित, असं लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. शेठच्या खिशात चांदीच्या रंगाचं लाइटर असायचं. आख्ख्या जिनिंगमध्ये मामांचा हात फक्त त्या एका खिशापुढे कधी गेला नव्हता. शेठ ऑफिसात सिगारेट ओढायचे आणि आम्ही सगळे ते न पाहिल्यासारखं करायचो.

"मामा, नोकरी जाईल."

"मोठ्याईनं सही नाई केली तं कशाचं क्षेत्र? त्या आग्नेय आशियावाल्याईचं पाहा. बॉम्बवाले पाचही मोठे, एकाचीही सही नाई अजून."

मी टाइप केलं. चार ओळींचा कागद. तो घेऊन आम्ही दोघं शेठपुढे उभे राहिलो. शेठनी वाचला आणि विचारलं, "मालकांसह, हे कोणी घातलं?"

"टाइप मी केलंय," मी म्हटलं.

मामा टेबलाशी सरकले. उजवा तळहात पुढे केला, बोटं जराशी वाकवलेली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शेठनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी हे तिकडे पाठवलं आणि तो हसला तर?"

"हसू द्या. मंग मले घरी पाठवा."

"पाठवीनच." शेठनी सही केली आणि लाइटर त्या हातावर आपटलं. मामांनी बाहेर जाऊन त्याला चिकटपट्टी लावली आणि शेठचं नाव लिहिलं. डब्यात माझ्या पेटीशेजारी ठेवलं.

पुढचे आठ दिवस तिकडून काही उत्तर नाही. शेठना तलफ आली की गेटबाहेर जावं लागे, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर, उन्हात. दिवसातून सहा-सात वेळा पांढऱ्या सफारीतला एवढा मोठा माणूस रस्ता ओलांडताना आख्खं मार्केट बघायचं. रोज परत येताना शेठ मामांना म्हणायचे, "मोज दिवस." मामाही मोजत होते. त्यांनी घरून आणलेला डबा, छत्री, जास्तीचा सदरा एका पिशवीत भरून तयार ठेवला होता. मी ती पिशवी पाहिली आणि पाहिलीच नाही असं केलं.

ते रस्ता ओलांडणं धाकटे शेठ आपल्या गच्चीवरून पाहत होते, हे आम्हाला नंतर कळलं.

नवव्या दिवशी रहीमचाचा कागद घेऊन आले. तसाच चार ओळींचा, मालकांसह. खाली पेननं एक ओळ जास्तीची : तुमच्या गेटवर तुमचाच माणूस, खरं-खोटं कोण बघणार?

शेठ तडकले. मामा मात्र इतके खूश झाले की मला वाटलं, आता नाचतात. "हेच तं इचारलं पाह्यजे! ब्राझीलच्या कारखान्यात अर्जेंटिनाचा मानूस तपासाले जाते, आन् अर्जेंटिनात ब्राझीलचा. म्या तिकडं बसतो. चाचाले इकडं बसवा."

आणि तसं झालं, खरंच. दुसऱ्या दिवसापासून मामा धाकट्या शेठच्या गेटवर आणि रहीमचाचा आमच्या. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडून.

चाचा पहिल्याच सकाळी केबिनची झडती घ्यायला घुसले आणि एक काडीपेटी हातात घेऊन बाहेर आले. मामा सामान हलवत होते.

"ये क्या है मामा? तुमच्याच ड्रॉवरमंदी?"

मामा कानापर्यंत लाल. "ते... देवाची हाये. उदबत्तीसाठी."

"देव गेट के अंदर का है के बाहर का?"

प्रेसवरची पोरं पोट धरून हसली. मामांनी चिकटपट्टी मागून घेतली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पेटी चाचांच्या हातावर ठेवली. त्यानंतर मामांच्या देवाला फक्त फूल. देवाचंही काही अडलं नाही.

जाण्याआधी त्यांनी चिमूटभर रुई घेतली आणि नकाशावर आमचा वऱ्हाड जिथे असेल तिथे चिकटवली. सरकीएवढा ठिपका.

"एवढाच?" मी विचारलं.

"सध्या एवढाच."

पुढचे चार हंगाम दोन्हीकडे काही पेटलं नाही. मामा दुपारचा डबा खायला आमच्याकडे यायचे, आणि यायच्या आधी चाचांपुढे स्वतःचे खिसे उलटे करून दाखवायचे. दोघं नकाशाखाली बसून जेवायचे आणि जगाचं कुठवर आलं त्याची चर्चा करायचे. फार पुढे आलेलं नसायचं. मामांना त्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. "गेट हाये मॅडम," म्हणायचे, "एका दिवसाचं काम नाई."

गेल्या हंगामात, ऐन गर्दीच्या एका सोमवारी मामा आले नाहीत. अकराच्या सुमारास पिंपळगावहून फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

दोन्ही जिनिंगची यंत्रं बंद झाली. जी माणसं आत होती ती तशीच, अंगावर रुई घेऊन, आतल्या आत ट्रकमध्ये चढली. बाईमाणसानं स्मशानात येऊ नये असं कोणी म्हणायच्या आत मी पहिल्या ट्रकच्या पुढच्या सीटवर बसले होते. दोन्ही शेठ आपापल्या गाडीतून आले.

सरण रचून झालं. घरून आणलेल्या मडक्यातला विस्तव वाटेतच विझला होता. मामांच्या मुलानं वळून विचारलं, "काडीपेटी हाये का कोनाजोळ?"

शंभरेक हात एकदम खिशांकडे गेले आणि रिकामे बाहेर आले. आमच्या सगळ्यांच्या काड्या खामगावला, दोन गेटांवरच्या दोन डब्यांत, नावं लिहून पडलेल्या. मोठ्या शेठनी खिसा चाचपला, धाकट्या शेठनी चाचपला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, पण हसले. मग रडलेही. मी तेवढ्यात पदर नीट करून घेतला.

शेवटी गावातला एक म्हातारा पुढे आला. त्यानं बंडीच्या खिशातून पेटी काढली, मुलाला दिली, काम झाल्यावर परत घेतली.

तो मागे सरला, तर वाटेत रहीमचाचा उभे. डोळे सरणाकडे. उजवा तळहात मात्र पुढे, बोटं जराशी वाकवलेली. चाचांनी तो मुद्दाम केला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. म्हाताऱ्याला काही कळेना. त्यानं आपली पेटी मुकाट त्या हातावर ठेवली.

चाचा दचकले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "नाव काय बाप्पा तुमचं?"